पेट्रोल पंपावर घेतलेले होम थिएटर

बाबांना हल्ली कमी ऐकू येते. टीव्हीचा आवाज वाढवला की मागचे संगीत कानावर आदळते आणि माणसे काय बोलतात ते पुसटच राहते, ही त्यांची रोजची तक्रार. आमचा टीव्ही पातळ आहे आणि त्याचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून आहेत. ऑफिसमधल्या एका जाणकाराने सांगितले की ५.१ संचात, म्हणजे पाच छोटे स्पीकर आणि जाड आवाजाचा एक सबवूफर अशा होम थिएटरमध्ये, टीव्हीखाली ठेवायचा एक मधला स्पीकर असतो, सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात आणि त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो. त्या दिवसापासून मी पगारातून थोडे थोडे बाजूला टाकू लागले. २५ हजार जमले होते.

त्यातले २४ हजार सिंहगड रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर गेले. चाकांत हवा भरून घेत होते तेवढ्या वेळात.

"ताई, एक मिनिट." चंदेरी रंगाची मोठी गाडी, इस्त्रीचे शर्ट घातलेली दोन मुले, गळ्यात ओळखपत्रे. म्हणाले, हॉटेलातल्या प्रदर्शनाला माल पोचवून आलो, गोदामवाल्याने चुकून एक संच जादा चढवलाय, चलनावर तो नाही. परत नेला तर साहेब ठेवून घेणार, त्यापेक्षा तुम्ही घ्या. डिकीत चकचकीत खोके होते. त्यावर जर्मन वाटेल असे नाव, '१५,००० वॅट' आणि छापील किंमत ८९,९९९ रुपये. मी संशयाने पाहिले तेव्हा त्यातल्या एकाने मोबाइलवर कंपनीची वेबसाइट उघडून दाखवली. तेच खोके, तीच किंमत. ३६ हजारांपासून सुरुवात झाली. मी माझ्या गाडीकडे वळले की भाव उतरायचा. बोलता बोलता मी म्हणून गेले, वडिलांसाठी हवाय, त्यांना ऐकू कमी येते. तो मुलगा लगेच म्हणाला, "माझ्या वडिलांचंही तेच आहे ताई, म्हणूनच तुम्हाला देतोय." पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागते.

मी एका कारखान्यात लेखा विभागात आहे. लोकांची बिले तपासणे हे माझे काम. तरीही त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मला दाखवलेला प्रत्येक पुरावा त्यांच्याच खिशातून निघाला होता. खोके त्यांचे, वेबसाइट त्यांची, बिलही त्यांचेच. बाहेरच्या कुणालाही मी काही विचारले नाही, कारण त्यांनी मला तेवढा वेळच दिला नाही. दुसरा मुलगा सारखा घड्याळ पाहत होता.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे मांडले. मागे एचडीएमआयचे भोक होते, पण केबल लावून काहीच होईना. शेवटी टीव्हीच्या हेडफोनच्या जागेतून लाल-पांढरी वायर जोडली तेव्हा आवाज आला, तोही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी एकेका स्पीकरला कान लावला. पाचांतूनही अगदी सारखाच आवाज. मधल्या स्पीकरला वेगळे काही नव्हतेच. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "राहू दे गं, टीव्हीचाच आवाज बरा होता."

दोन दिवसांनी ते सगळे कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी सबवूफर उघडला. आत तळाला शहाबादी फरशीचा तुकडा चिकटवलेला होता, हाताला वजन लागावे म्हणून. एचडीएमआयच्या भोकामागे एकही वायर नव्हती. छोट्या स्पीकरमध्ये वर दिसणारा चकाकता ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, ही नुसती प्लॅस्टिकची टोपी. ट्रान्सफॉर्मर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे २४ वॅट, आणि तेही सहा स्पीकरमध्ये वाटून. काकांनी प्लगही दाखवला. घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट घेऊ शकतो, मग त्यातून १५,००० वॅटचा आवाज सतत निघेल कसा? खोक्यावरचा मोठा आकडा 'पीएमपीओ'चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या दाव्याचा असतो. तो मोजण्याची एक ठरलेली रीत नाही, त्यामुळे कुणीही काहीही छापते. विचारायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे सतत मिळणारी ताकद. हे गुणाकार मला पंपावरही करता आले असते.

मग मी बिल हातात घेतले. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर २७ने सुरू होतो. बिलावरच्या क्रमांकात १४च अक्षरे होती. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही क्रमांक घालून दुकानदाराचे नाव पाहता येते, दोन मिनिटांचे काम आहे. आयात मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापणे कायद्याने बंधनकारक आहे. यातले काहीच माझ्या खोक्यावर नव्हते.

बँकेने सांगितले, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत अर्ज दिला, त्याची पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही फोन केला, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? नाव खोटे, पत्ता खोटा, बिलावरचा फोन बंद. रस्त्यावरच्या विक्रीत खरा तोटा हाच आहे. दुकानदार फसवेल तर त्याला जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत खेचता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. निघून गेलेल्या गाडीला कुठे खेचणार? गाडीचा नंबर मी टिपला नव्हता.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती एका मॉलच्या पार्किंगमध्ये होती. "मावशी, इथे एक जण प्रदर्शनातला उरलेला प्रोजेक्टर देतोय, स्वस्तात." मी तिला म्हटले, खोक्याला हात लावू नकोस, आधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढ आणि जीएसटी क्रमांक मोठ्याने वाचून दाखवायला सांग. तिने मोबाइल वर धरला मात्र, डिकी धाडकन बंद झाली. फोटो आला आहे. तो मी माझ्या जुन्या अर्जाला जोडून चौकीत देऊन आले.