स्थानांतर की एलएफजी? भाचीच्या प्रबंधासाठी

मराठी शब्दक्रमावर प्रबंध लिहायचाय, पण भाचीची सिद्धांताची चौकट ठरेना: वाक्यात शब्द एका जागेवरून दुसरीकडे सरकतात असं मानणारं ‘स्थानांतर’, की एलएफजी (लेक्सिकल फंक्शनल ग्रामर) हा व्याकरणाचा दुसरा सिद्धांत? म्हटलं, दोन्हींना एकच वाक्य लाव: ‘चिंच रामाने खाल्ली’.

भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या स्थानांतरवादी परंपरेत ‘चिंच’ मूळ जागेवरून पुढे सरकते आणि मागे खूण ठेवते. ब्रेझनन आणि कॅप्लन यांच्या एलएफजीत काहीच हलत नाही. ‘-ने’ कर्ता सांगतो, ‘खाल्ली’ चिंचेशी जुळतं. इथे मला एलएफजीच सरळ वाटतं.

प्रश्नांत पारडं फिरतं. इंग्रजीतला ‘व्हॉट’ वाक्याच्या तोंडाशी येतो, ‘तू काय घेतलंस?’मधला ‘काय’ जागचा हलत नाही. तिथे स्थानांतरवाले अदृश्य स्थानांतर मानतात, म्हणजे ‘काय’ न दिसता पुढे सरकतो; जरा जादूच! पण वाक्याच्या कोणत्या भागातून शब्द बाहेर काढता येत नाही, यावर भाषाशास्त्रज्ञ रॉसच्या १९६७च्या प्रबंधापासून भरपूर काम स्थानांतरवाल्यांनीच केलंय.

संगणकावर व्याकरण चालवायचं असेल तर एलएफजी, दोन भाषांतले प्रश्न ताडून पाहायचे तर स्थानांतर.