स्विस शॅले की सेंट-ह्यूबर्ट?

कॅनडातल्या या दोन रेस्टॉरंट साखळ्या. कोंबडी तीच, सळीवर फिरवून भाजलेली. सोबत फ्राइज, पाव आणि बुडवायला वाटीभर गरम सॉस. तरी टोरंटोवाला स्विस शॅलेचं (स्थापना १९५४) नाव घेणार, माँट्रियलवाला सेंट-ह्यूबर्टचं (१९५१).

स्विस शॅलेचा सॉस पातळ, मसाल्याचा. त्यावर वाढलेली ओंटारिओतली माणसं फ्राइजही त्यातच बुडवतात. नाताळात स्टफिंग आणि क्रॅनबेरी सॉसचं खास ताट असतं.

सेंट-ह्यूबर्टची खरी मजा कोबीच्या कोशिंबिरीत: क्रीमवाली की व्हिनेगरवाली? माझं मत व्हिनेगरला. तळणाबरोबर आंबटच हवं. त्यांची ग्रेव्ही क्वेबेकमध्ये किराणा दुकानातही मिळते, घरच्या पुटीनवर (फ्राइज आणि चीजच्या पदार्थावर) तीच ओततात.

२०१६ पासून दोन्हींचा मालक एकच आहे. माँट्रियलमध्ये हा विषय जरा जपूनच काढा.