‘आमचं नाव कुठेही लिहू नका’ म्हणाले, तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

लिहीन लिहीन म्हणत होते, पण लाज आडवी येत होती. अमेरिकेच्या लष्करात सहा वर्षं काढलेली बाई गोड बोलण्याला भुलली, हे सांगायला जीभ रेटत नाही. माजी सैनिकांचे अपंगत्वाच्या भरपाईचे अर्ज (क्लेम) पैसे घेऊन भरणाऱ्या एका खाजगी कंपनीने मला फसवलं. आता माझ्याच तुकडीतली एक मैत्रीण त्याच कंपनीच्या करारावर सही करायला निघाली होती, म्हणून सगळं लिहितेय.

मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. नोकरीत असताना अंगावरून इतकं जायचं की कवायतीत उभं राहवत नसे. सिक कॉलला, म्हणजे लष्करी दवाखान्यात, गेलं की आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी हातात. शेवटी लष्करी रुग्णालयातच लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झाली आणि निदान कागदावर आलं. गुडघ्याच्या दुखापतीसाठी १० टक्के अपंगत्वाची भरपाई, म्हणजे महिना १७५.५१ डॉलर, मला आधीपासून मिळत होती. पाळीच्या दुखण्याचा क्लेम मात्र राहिला होता.

क्लेम फुकट भरून देणारा, व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी गावातच होता, हे मला माहीत होतं. पण तो साठीपुढचा गृहस्थ. त्याच्यासमोर बसून महिन्याला किती पॅड लागतात, हे कसं सांगायचं? कंपनीने सांगितलं, आमच्याकडे सगळ्या बायकाच आहेत. तिथेच मी विरघळले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी हेच झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

जानेवारी २०२५ मध्ये सही केली. महिन्याची रक्कम जितकी वाढेल, त्याच्या पाचपट त्यांची फी. वर ‘नेक्सस लेटर’चे ७५० डॉलर रोख आगाऊ. आजार नोकरीतच सापडला, तशी नोंद लष्कराच्याच दप्तरात आहे, मग नोकरीशी संबंध दाखवणारं वेगळं पत्र कशाला? हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

आणि तो क्षण. कंपनीची बाई फोनवर म्हणाली, “अर्ज तुमच्याच लॉगिनने जाईल, आमचं नाव कुठेही लिहू नका.” अहो, ज्याला मान्यता आहे तो प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव फॉर्मवर घालतो! मान्यता नाही म्हणून लपतात. मी मात्र पासवर्डही दिला. पासवर्ड कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

अर्ज गेला जूनमध्ये. ‘इंटेंट टु फाइल’, म्हणजे क्लेम करणार असल्याची आगाऊ नोंद, त्यांनी भरलंच नाही. ते तुमचं तुम्ही आजच भरा, पैसे पडत नाहीत आणि भरपाई जिथून मोजतात ती तारीख वर्षभर राखून राहते. माझे पाच महिने बुडाले. ऑक्टोबरमध्ये ३० टक्के मंजूर झाले, गुडघा धरून ४०, म्हणजे ७७४.१६ डॉलर. वाढ ५९८.६५. निकालाचं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी त्यांचं बिल आलं: २,९९३.२५. बुडालेले पाच महिनेही तेवढेच, २,९९३.२५. नेक्सस लेटर धरून एकूण ६,७३६.५०.

मान्यता असलेल्या वकिलालासुद्धा पहिल्या निकालाआधीच्या कामाचे पैसे घेता येत नाहीत, असा कायदा आहे. पण शिक्षेचं कलम २००६ साली काढून टाकलं. नियम आहे आणि दंड नाही! मी एका सरकारी तक्रार कार्यालयात फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवून उत्तर काय, तर हा तुमचा खाजगी करार आहे. दुसऱ्या कार्यालयाने पोच पाठवली, त्यानंतर आवाज नाही. तिसऱ्याने पहिल्याचाच नंबर दिला. वसुलीचे फोन मात्र दर मंगळवारी न चुकता येतात. गणवेशात होते तेव्हा ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ म्हणणारे आता कुठे गेले?

माझे वडील फौजेतून निवृत्त झाले, तेव्हा साताऱ्याच्या सैनिक बोर्डात त्यांचे कागद एक पैसा न घेता झाले होते. तसं माणूस इथेही बसलेलं आहे, हे माहीत असून मी शरमेपायी गेले नाही. क्लेमला हात लावणाऱ्याचं नाव व्हेटरन्स अफेअर्सच्या मान्यता यादीत आहे का, ते सहीच्या आधी बघा. नसेल तर उठा.

शेवटी त्याच साठीपुढच्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी एकही अवघड प्रश्न न विचारता लॅपरोस्कोपीचा अहवाल उघडला आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. मूत्राशयावर डाग असल्याचं तिथे स्पष्ट लिहिलंय. ते आणि लघवीचा त्रास अर्जात आला असता तर ५० टक्क्यांची मागणी करता आली असती. कंपनीने ते पान वाचलंच नव्हतं. आता फेरतपासणीचा अर्ज या गृहस्थांनी फुकट भरून दिलाय. कराराच्या शेवटच्या कलमाप्रमाणे त्यातून जी वाढ होईल, तिचेही पाचपट कंपनी मागणार आहे.