वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी: घरीच सुरू करावी की उचलून गॅरेजला न्यावी?

गाडी दोन-चार वर्षं एका जागी उभी राहिली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, नवी बॅटरी टाक आणि सेल मार, होईल चालू. दुसरा म्हणतो, हातही लावू नकोस, सरळ उचलून गॅरेजला टाक. मी दोन्ही वाटा जवळून पाहिल्या आहेत. वडिलांची पेट्रोल गाडी त्यांच्या आजारपणात आणि नंतर मिळून चार वर्षं हलली नव्हती, ती मी घरीच जागी केली. मामांची डिझेल गाडी अडीच वर्षांनी गॅरेजला गेली. तिथे पहिल्याच दिवशी नवी बॅटरी लावून ती धडाधड सेलवर घेतली. टाकीतलं जुनं डिझेल आणि तळाचं पाणी तसंच पुढे ओढलं गेलं, आणि शेवटी दुसऱ्या गॅरेजात इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, उघडावे लागले.

त्यामुळे माझं मत आधीच सांगतो. पहिला सेल मारण्याआधीची कामं सावकाश करायची असतात, आणि तेवढी सवड घरी मिळते. ब्रेक, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडणारा पट्टा) आणि डिझेलची टाकी यांना मात्र लिफ्ट, हत्यारं आणि सरावलेला हात लागतो. तो गॅरेजातच असतो.

पण त्याआधी गाडीखाली टॉर्च मारून बघा. दाराखालची पट्टी आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक आरपार गेलं तर इंजिनाचा विचार नंतर करा, कारण असा सांगाडा दुरुस्त करण्यात बहुतेक वेळा अर्थ नसतो.

इंजिन: इथे घर जिंकतं

गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडतात, हवा दमट असेल तर बारीक गंजही धरतो. अशा वेळी स्टार्टरने जोरात फिरवलं तर तो गंज भिंतीवर ओरखडे काढतो. गॅरेजात दिवसाला चार गाड्या बाहेर काढायच्या असतात. तुमच्या गाडीच्या सिलिंडरमध्ये ऑइल सोडून दोन दिवस थांबा, असं सांगितलं तर मान डोलावतील, पण थांबतीलच याची खात्री नाही.

पेट्रोल गाडीत घरी हे अवघड नाही. स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात साधारण चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि किमान एक रात्र जाऊ द्यायची. मग गाडी न्यूट्रलला ठेवून, चाकांना अडण लावून, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला गोटी, म्हणजे सॉकेट, आणि लांब रॅचेट पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. बहुतेक इंजिनं समोरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. दोन पूर्ण फेरे झाले की चारही स्ट्रोक होतात आणि कुठे अडतंय का ते कळतं. वडिलांच्या गाडीत सुरुवातीला रॅचेट इतकं जड होतं की मी हात काढून घेतला. आणखी थोडं ऑइल सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलं, तेव्हा पाव फेरा गेला आणि प्लगच्या भोकांतून हवा सुटल्याचा हलका फुसकारा आला. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते इंजिन सुरू झाल्यावरही वाटलं नव्हतं.

ऑइल मुरवूनही ते ठाम अडत असेल तर जोर लावू नका. तिथे घरचं काम संपलं.

फिरलं, तर जुनं ऑइल काढून नवं ऑइल आणि फिल्टर घाला. मग प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन कॉइलचे कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा सेल मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचलं, आता प्लग बसवता येतील. त्याआधी एअर फिल्टरचा डबा जरूर उघडा. वडिलांच्या गाडीत तिथे सीटच्या फोमचे तुकडे भरलेलं उंदराचं घरटं होतं, आणि शेजारच्या वायरचं वेष्टण कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. सेल मारला असता तर फ्यूज तरी उडाला असता, नाहीतर आग तरी लागली असती.

बॅटरीवर जास्त वेळ घालवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वर्षानुवर्षं १०.५ च्या खाली पडून राहिलेली बॅटरी बहुधा गेलेलीच असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तिला केबल लावून गाडी सुरू झाली तरी पुढचा सगळा भार अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या चार्जिंगच्या जनित्रावर, येतो, आणि तो मेलेली बॅटरी उठवण्यासाठी बनवलेला नाही.

इंधन: पेट्रोल घरी, डिझेल गॅरेजात

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास तीक्ष्ण असतो, शिळ्याचा वॉर्निशसारखा आंबूस. पेट्रोल काही महिन्यांतच उतरू लागतं. हलका भाग उडून जातो आणि चिकट राळ मागे राहते. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी वेगळं होऊन तळाशी, नेमकं पंपाच्या तोंडाशी बसतं. वरून ताजं पेट्रोल ओतून भागवायचा मोह सोडा आणि टाकी रिकामी करा. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब, हातपंपाने करायचं. नळी तोंडाने कधीच ओढायची नाही.

डिझेल जास्त टिकतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत थर धरतो. कॉमन रेल, म्हणजे आजकालच्या बहुतेक डिझेल इंजिनात, हजार बारहून जास्त (हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त) दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात पाणी गेलं की पंप स्वतःलाच खरवडतो. म्हणून डिझेल गाडीची टाकी उतरवून धुणं आणि फिल्टर बदलणं हे सेल मारण्याआधी, गॅरेजातच व्हायला हवं.

टायमिंग बेल्टचंही तसंच. तो रबराचा असतो, गाडी न चालताही म्हातारा होतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल तर आधी बदलून घ्या. चेन असेल तर ही काळजी बरीच कमी.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी घरी सुरू करून बघूच नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ब्रेक: इथे हट्ट नको

इंजिन घरी सुरू झालं की गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यावीशी वाटते. मलाही वाटलं होतं. पण मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये शू (आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) चिकटलेले असू शकतात, पुढच्या डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजलेला असू शकतो आणि ब्रेक ऑइलने ओलावा शोषलेला असतो. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. पेडल पहिल्यांदा घट्ट लागेल, पण उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळलं की खाली जाईल. टायर किती जुने आहेत ते कळायला त्यांच्या कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

म्हणून वडिलांची गाडी सुरू होऊनही सपाट ट्रकवर चढून गॅरेजला गेली. ऑटोमॅटिक गाडीसाठी तर हाच मार्ग. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, म्हणून चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले भाग ऑइलविना झिजतात. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो सोडवायला करंट लागतो, म्हणून ट्रक बोलावण्याआधी चालू बॅटरी लावून ठेवा.

गाडी पाठवताना मी स्टिअरिंगवर एक कागद चिकटवला: टाकी रिकामी करून ताजं पाच लिटर पेट्रोल, ऑइल आणि फिल्टर नवे, ब्रेक होईपर्यंत चालवू नये. मेकॅनिकने तो वाचला, खिशात ठेवला आणि आधी मागची चाकं उतरवली. डाव्या ड्रममधल्या शूचं अस्तर सुटून ड्रमलाच चिकटलं होतं.