होर्यूजी की तोजी? माइनक्राफ्टमध्ये पॅगोडा बांधायचाय, तर आधी हे ठरवा

पॅगोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोराईचा सोनेरी घुमट येतो. तो ब्रह्मदेशी वळणाचा. माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून बांधकाम करायच्या त्या व्हिडिओ गेममध्ये, बहुतेकांना बांधायचा असतो तो जपानी: लाकडी, चौकोनी, एकावर एक पाखी (उतरती छपरं) पसरलेला. पण ‘जपानी पॅगोडा’ एवढंच मनात धरून पाया घातला, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याचं हायवेवरचं हॉटेल होतं. माझं दोनदा झालंय. त्यामुळे एखादी खरी वास्तू समोर ठेवूनच बांधा. माझ्या मते निवड दोघांतच आहे: नारा प्रांतातला होर्यूजी मंदिराचा पॅगोडा आणि क्योटोतला तोजी मंदिराचा. दोन्ही पाच मजली, पण बांधायला बसलात की स्वभाव अगदी वेगळे.

होर्यूजीचा पॅगोडा सातव्या शतकाच्या सुमाराचा, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. उंची साधारण 32 मीटर. त्याची सगळी शोभा निमुळतेपणात आहे. पाचवा मजला पहिल्याच्या जेमतेम निम्मा रुंद. खेळात एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, म्हणून मापाला माप बांधायचा मोह होतो आणि गाडी तिथेच अडते. पहिला मजला साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे 7 ब्लॉक. कळस बरोबर मध्यावर यायचा तर प्रत्येक मजल्याची रुंदी विषम हवी, म्हणजे कमी करायचे तर दोन-दोन ब्लॉकच. 7, 5, 3 की संपलं, अजून दोन मजले बाकी! त्यापेक्षा मोठं माप घ्या: 17, 15, 13, 11, 9. दर मजल्याला चारी बाजूंनी एकेक ब्लॉक आत, आणि शेवटचा पहिल्याच्या निम्म्याला लागून. हा हिशोब जमला त्या रात्री मी उगाच दोन वाजेपर्यंत जागा होतो. उंची मात्र त्या प्रमाणात 85 ब्लॉकच्या घरात जाते, हे आधीच ध्यानात असू द्या.

तोजीचा पॅगोडा याच्या उलट. जवळजवळ 55 मीटर, जपानमधला सर्वांत उंच लाकडी मनोरा. तो चार वेळा जळला; आज उभा आहे तो 1644 सालचा. हा सडपातळ, वर जाताना फारसा आक्रसत नाही. त्यामुळे मापाला माप बांधता येतो: 9, 9, 9, 7, 7 अशी रुंदी, दर मजल्याला पाख्यासकट 8 ब्लॉक उंची, वर 15 ब्लॉकचा कळस. झाले 55. शिवाय क्रिएटिव्हमध्ये (जिथे सामान हवं तेवढं मिळतं) एक मजला नीट केला, की क्लोन कमांडने, म्हणजे नक्कल करायच्या आज्ञेने, तोच वर चढवायचा. होर्यूजीत ही सोय नाही, पाचही मजले हातानेच.

सर्व्हायव्हलमध्ये (जिथे सामान स्वतः गोळा करावं लागतं) खेळत असाल तर सामानाचाही विचार करा. होर्यूजीची वळचण खोल असते. 17 च्या मजल्याला 7 ब्लॉक बाहेर काढलं, तर सर्वांत खालच्या पाख्याची बाहेरची एकच रांग 120 स्लॅबची (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकची) होते. तोजीला 5 बाहेर काढलं तर 72. आणि ही एकेकच रांग, अख्खं पाखं नव्हे.

पाख्यावर थोडं जास्त बोलतो, कारण पॅगोडा तिथेच बनतो किंवा बिघडतो. बहुतेक जण स्टेअर ब्लॉक (पायरीच्या आकाराचे) लावतात. त्याने उतार 45 अंशांचा येतो आणि मनोऱ्यावर टोप्यांची चळत चढवल्यासारखी दिसते. स्लॅब लावा: एक खालचा, पुढच्या रांगेत वरचा. उतार निम्म्यावर येतो आणि पाखं पंखासारखं पसरतं. कोपऱ्यातले शेवटचे दोनच ब्लॉक अर्ध्या पायरीने उचला. त्याहून जास्त उचललंत की पॅगोडा चिनी वाटू लागतो. रंगाचं म्हणाल, तर चेरीचं गुलाबी लाकूड झाडापुरतंच बरं. भिंतीला पांढरं काँक्रीट, खांबांना डार्क ओक, कौलांना डीपस्लेट टाइल, म्हणजे गडद करड्या दगडाची फरशी.

कौलांना लाकूड नकोच. पहिल्या पॅगोड्याची पाखी मी स्प्रूसची केली होती. एका वादळात वीज पडली आणि मी शेतावरून परत येईपर्यंत वरचे दोन मजले गेलेले. आता कळसाच्या टोकाला तांब्याचा लाइटनिंग रॉड असतोच, आणि तो दिसायलाही शोभतो. खऱ्या कळसावर नऊ कडी असतात. मूळ स्तूपावरच्या छत्रीचं हे लांबलेलं रूप. कार्ल्याच्या चैत्यात स्तूपावर लाकडी छत्री अजून आहे, ती आठवा. कळस तांब्याचाच करा. तो हळूहळू हिरवा पडेल, पडू द्या; नकोच असेल तर मधाच्या पोळ्याने मेण लावून ठेवा.

पाच मजल्यांचा धीर नसेल, तर नाराच्याच याकुशीजी मंदिराचा पूर्वेकडचा पॅगोडा घ्या. 730 सालचा आणि खरं तर तीनच मजली, पण प्रत्येक मजल्याखाली एक छोटं जोडपाखं असल्याने सहा मजल्यांचा भासतो. लहान-मोठं, लहान-मोठं अशा लयीत एखादा ब्लॉक चुकला तरी खपून जातो.

मला विचाराल तर क्रिएटिव्हमध्ये होर्यूजी, सर्व्हायव्हलमध्ये तोजी. उंचीला भुलून तोजी निवडू नका. तो निवडायचा तो मजले सारखे आहेत म्हणून. आणि कुठलाही घेतलात तरी आधी मधला खांब उभा करा. होर्यूजीत असा खांब खालपासून कळसापर्यंत जातो. त्याचं झाड 594 साली तोडलेलं असल्याचं वर्तुळं मोजून सांगितलं जातं. खेळात ब्लॉक हवेतही राहतात, त्यामुळे आधार म्हणून खांबाची गरज नाही. पण प्रत्येक भिंत त्याच्यापासून मोजत गेलात की चौथ्या मजल्यावर एका बाजूला एक ब्लॉक जास्त निघत नाही. निघालाच, तर तो मजला लगेच पाडा. पाचवा चढल्यावर पाडायचं मन होत नाही.