घाटात गाडी उचलेना आणि ‘पंप जळाला’ म्हणून ११,५०० रुपये गेले

मे महिन्यात कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्यांनी हे जरूर वाचा. गाडी लहान पेट्रोलची, माणसं भरलेली आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील तर नक्कीच. आमच्याकडून पैसे काढण्याची पद्धत इतकी बेमालूम होती की सांगलीला पोचेपर्यंत आम्ही त्या माणसाला दुवाच देत होतो.

गुहागरहून निघायला उशीर झाला होता, त्यामुळे पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट लागला तो ऐन दुपारी. पुढे माल भरलेला ट्रक. ओव्हरटेकला जागा नाही, म्हणून पहिल्या गिअरवर त्याच्या मागे मागे वळणं चढत राहिलो. एसी पूर्ण सोडलेला. आधी एसीतून गार हवा यायची बंद झाली आणि मग गाडीच उचलेना. अॅक्सिलरेटर कितीही दाबा, जोर म्हणून नाही. टेंपरेचरचा काटाही वर सरकलेला. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली.

थोड्याच वेळात एक बाईकवाला थांबला. बोलायला अत्यंत गोड. बॉनेट उघडून कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “दादा, उन्हाने लाइनीत पेट्रोलचा गॅस होतोय. पंप जळालाय. अशीच वर न्याल तर अडचणीच्या वळणावर बंद पडेल. वहिनी आहेत, पोरं आहेत, बघा बुवा. खाली आपलं गॅरेज आहे.” उतारावर गाडी व्यवस्थित चालली, उतारावर ती चालणारच.

गॅरेजात आम्हाला पंख्याखाली बसवलं, कोकम सरबत दिलं. मागच्या बाजूला नेऊन गाडीची मागची सीट काढली. मला काळाकुट्ट, ग्रीसने माखलेला एक पंप दाखवला. तो सोबत द्या म्हटलं तर “कंपनीला परत करावा लागतो.” बिलबुक संपलेलं, नेटवर्क नाही, त्यामुळे ११,५०० रोख. निघताना तो मुद्दाम खिडकीशी आला आणि म्हणाला, “नवीन पंप सेट होईपर्यंत एसी लावू नका हं. आणि सावकाश चढवा.”

सगळी मेख या एका वाक्यात होती. तोवर उन्हं कलली होती, इंजिन थंड झालं होतं, कूलंटच्या टाकीत त्याने पाणी भरलेलं होतं आणि एसी बंद. गाडी सरसर घाट चढली. काहीही न बदलता ती तशीच चढली असती.

सांगलीत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने मागची सीट उचलली. टाकीच्या तोंडावरची रिंग फिरवल्याशिवाय पंप बाहेर येत नाही, आणि त्या रिंगवर धुळीचा जुना थर होता तसा होता. कुणी बोटही लावलेलं नव्हतं. मग त्याने पुढची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर आणि मागचा रेडिएटर यांच्या फटीत लाल माती आणि गवताच्या काड्या ठासून भरल्या होत्या. रेडिएटरचा पंखा फक्त हळू वेगाने फिरत होता, जोरात फिरायला लागणारी रिले, म्हणजे विजेचा स्विच, जळाली होती. रिले, सफाई आणि कूलंट मिळून हजाराच्या आत काम झालं.

पेट्रोलचा गॅस होण्याची गोष्ट मुळात खोटी नाही, म्हणूनच ती पटते. कार्बोरेटरच्या अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीचा पंप इंजिनला चिकटून असायचा. घाटात तो तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि ड्रायव्हर लोक त्यावर ओलं फडकं टाकायचे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. पेट्रोलमध्ये बुडालेल्या वस्तूवर काजळी आणि ग्रीस कुठून येणार?

उन्हात घाटावर ताकद थोडी कमी होणं तसं स्वाभाविकही आहे. तापलेली हवा विरळ असते. २० अंशांपेक्षा ४० अंशांना ती सहा टक्क्यांच्या आसपास हलकी होते, म्हणजे इंजिनला ऑक्सिजन तेवढा कमी. उंचीमुळे दर हजार मीटरला आणखी साधारण १० टक्के घट. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. इंजिन फार तापलं की गाडीचा कॉम्प्युटर आधी एसी तोडतो आणि मग इंजिन वाचवायला जोरही कमी करतो. पहिल्या गिअरवर रांगताना समोरून वारा लागत नाही, सगळी मदार पंख्यावर. आमचा पंखा अर्धाच होता.

तेव्हा गाडी अशी दमली तर आधी एसी बंद करा आणि ब्लोअर गरमवर टाकून पूर्ण सोडा. आत भाजून निघाल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा लाल रेघेला गेला किंवा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणालाही उघडू देऊ नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. इंजिनचे आरपीएम वाढतायत पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतोय, तर तो क्लच आहे, ते दुखणं वेगळं.

गॅरेजात जावंच लागलं तर गाडी नजरेआड होऊ देऊ नका. पार्ट काढण्याआधी जागच्या जागी त्याचा फोटो घ्या, जुना पार्ट स्वतःच्या डिकीत टाका आणि बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार सांगितली, तर पहिला प्रश्न बिलाचाच आला. त्याने दिलेला मोबाइल नंबर तेव्हापासून बंद आहे.