लीड्सची स्टुडिओ खोली: फ्रीज सोडला तर बरी

इमारतीचं नाव लिहीत नाही. पोरगा अजून तिथेच राहतो आणि आपला पत्ता चार लोकांना कळलेला त्याला चालत नाही. इंग्लंडातल्या लीड्सच्या मध्यवस्तीत, विद्यापीठापासून चालत चौदा मिनिटांवर (ही त्याने मोजलेली, मला सतरा लागतात), एका खासगी कंपनीने विद्यार्थ्यांसाठी बांधलेली सहा मजली इमारत, एवढं पुरे. ज्यांची मुलं इकडे पहिलं वर्ष संपवून हॉलमधून, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहातून, बाहेर पडणार आहेत, त्यातही ज्यांचं मूल माझ्या मुलासारखं ऑटिस्टिक आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. मी दोन वर्षांपूर्वी असलं काही मराठीत शोधत होते, तेव्हा विमानाची तिकिटं आणि मसाल्याचे डबे याशिवाय काही सापडलं नव्हतं.

मी मूळची मिरजेची, नर्स, आता लेस्टरला. ऑटिस्टिकसाठी 'स्वमग्न' हा शब्द मी वापरत नाही. शब्द सुंदर आहे, पण माझा मुलगा स्वतःत मग्न नसतो हो. तो फ्रीजच्या आवाजात, जिन्याच्या पायऱ्यांच्या संख्येत आणि शहरातल्या बसमार्गांत मग्न असतो. स्वतःकडे बघायला त्याला वेळ कुठे आहे?

इथली रीत अशी, की पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठ बहुतेक वेळा हॉलमध्ये खोली देतं. दुसऱ्या वर्षापासून तुमचं तुम्ही बघा. आणि हे 'बघणं' पुढच्या सप्टेंबरसाठी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सुरू होतं. मुलं एकमेकांना जेमतेम सहा आठवडे ओळखत असतात, आणि तेवढ्यात कोण कोणाबरोबर वर्षभर संडास-बाथरूम वाटून घेणार हे ठरवायचं. त्याच्या मजल्यावरच्या सहा मुलांनी घर शोधण्यासाठी व्हॉट्सॲपवर गट केला. मजल्यावर एकूण सात मुलं होती. हे मला नाताळच्या सुट्टीत भांडी घासताना कळलं, तेही सहज सांगितल्यासारखं. मी काही बोलले नाही. घासलेलंच पातेलं परत घासलं.

आमच्या मराठी मंडळींतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, मित्रांबरोबर राहिला तर सुधारेल." त्यांच्या तोंडचं 'सुधारेल' मी दहा वर्षं ऐकतेय. काकूंच्या घरचा टीव्ही मात्र अजून सुधारलेला नाही, त्याचा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू येतो.

तरी आम्ही वाटून घ्यायची घरं पाहिली. दोन. पहिलं हेडिंग्लीला. हेडिंग्ली म्हटलं की माझ्या नवऱ्याला २००२ ची कसोटी आठवते: द्रविड १४८, गांगुली १२८, सचिन १९३. त्यामुळे घर बघायच्या आधीच त्याचं मत तयार होतं. पण आम्ही गेलो शनिवारी दुपारी, आणि रस्त्यावर वीस-पंचवीस पोरंपोरी केळ्यांच्या पोशाखात गात चालली होती. याला ऑटली रन म्हणतात. ऑटली रोडवरून एकेका पबमध्ये पीत पीत गावाकडे उतरायचं, शक्यतो काहीतरी सोंग घेऊन. वर्षातून एकदा नव्हे. शनिवारी असे घोळके ठरलेलेच. चिरंजीवांनी कानावर हेडफोन चढवले आणि घराच्या आत पाऊलच टाकलं नाही.

दुसरं लीड्समधल्याच हाइड पार्क भागातलं, लाल विटांच्या चाळवजा रांगेतलं. भाडं आठवड्याला १२५ पौंड, दिसायला देखणं. पण लीड्समध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगा पुष्कळ आहेत, हे मला माहीत नव्हतं. अशा घराच्या चारपैकी तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात. मागचं अंगण नाही, मागची खिडकी नाही. म्हणजे तिन्ही बाजूंनी कोणाचं ना कोणाचं संगीत. एजंट तरणा, घाईत. मी विचारलं, शेजारी कोण राहतं? म्हणाला, "खूप छान वातावरण आहे." मी परत विचारलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत एका आठवड्याचं भाडं भरून घर धरून ठेवा म्हणाला, पाच जण रांगेत आहेत. एका आठवड्याचं भाडं ही कायद्याने घालून दिलेली कमाल आहे, २०१९ पासून. त्यावर कागदपत्रांची वगैरे फी एजंटला मागता येत नाही. हे मला ठाऊक होतं म्हणून बरं, कारण त्याने 'कागदांचा थोडा खर्च' हळूच काढलाच. शिवाय करार सगळ्यांचा मिळून एक. एकाने भाडं थकवलं, तर बाकीच्यांकडून वसूल करता येतं आणि जामीन राहिलेल्या आईबापांकडूनही. ज्यांची नावंही नीट माहीत नाहीत अशा पाच पोरांना मी जामीन राहायचं? ते घर सोडलं.

मग मी केलं ते आधीच करायला हवं होतं: विद्यापीठाच्या अपंग विद्यार्थ्यांच्या विभागाला मेल. म्हणजे मी नाही, त्याने. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणी माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. पहिल्यांदा मला याचा राग आला. पण वॉर्डवर नातेवाइकांना मी स्वतः हेच ऐकवते, तेव्हा गप्प बसले. त्याने संमतीचा फॉर्म भरला आणि खाली एक ओळ जोडली: 'आईला घराबद्दल सांगा, मार्कांबद्दल नको.'

तिथली बाई कामाची निघाली. तिने पहिल्यांदा सांगितलं, की २०१० च्या समानता कायद्याखाली विद्यापीठाला वाजवी फेरबदल करावे लागतात, आणि त्यात दुसऱ्या वर्षीही हॉलमध्येच राहू देणं बसू शकतं. मी आनंदाने उडालेच. चिरंजीव म्हणाले, "नको. सप्टेंबरात सगळे परत नवीन येतील. मी एकटाच जुना." या वाक्याला मजजवळ उत्तर नव्हतं, त्या बाईजवळही नव्हतं. मग तिने स्टुडिओचा पर्याय काढला: एकट्याची खोली, आतच ओटा आणि बाथरूम. अपंग विद्यार्थ्यांना सरकारकडून जो भत्ता मिळतो, त्यात भाडं बसत नाही, हेही तिनेच साफ सांगितलं. त्यातून त्याला मेंटर मिळाला, आवाज कापणारे हेडफोन मिळाले. भाडं आमचं.

तर आता खोली.

भाडं आठवड्याला २१४ पौंड, वीज-पाणी-इंटरनेट धरून. करार ४४ आठवड्यांचा किंवा ५१ चा. ४४ चे ९,४१६ होतात, ५१ चे १०,९१४. आम्ही ४४ चा घेतला, कारण उन्हाळ्यात तो घरी येतो आणि तसंही त्या फरकाच्या दीड हजारात मी भारतात जाऊन येते. महाग आहे का? आहे. मी महिन्याला दोन रात्रपाळ्या जास्तीच्या करते, त्या या खोलीच्या नावाने.

वेबसाइटवर जिम, सिनेमाची खोली, पूलचं टेबल, गच्चीवरची बाग. यातलं काहीही त्याने आजवर वापरलेलं नाही. आम्ही त्यांना मेल केला त्यात वेगळेच प्रश्न होते, बहुतेक त्याचेच. लिफ्टपासून खोली किती लांब? खिडकी रस्त्यावर की आतल्या चौकात? कचऱ्याची गाडी कोणत्या वारी, किती वाजता? कॉरिडॉरचे दिवे माणूस दिसला की लागतात की सतत चालू? आगीच्या घंटेची चाचणी कधी? खोलीची किल्ली आणखी कोणाकडे असते, आणि आत यायच्या आधी किती वेळ कळवतात?

तीन इमारतींना हा मेल पाठवला. एकीने उत्तर दिलं नाही. दुसरीने सवलतीचं कुपन पाठवलं. तिसरी ही. रिसेप्शनवरच्या बाईने एकेका प्रश्नाखाली उत्तर लिहिलं, घंटेची चाचणी बुधवारी अकराला असते असं कळवलं आणि चौथ्या मजल्यावरच्या तीन मोकळ्या खोल्यांत उभं राहून प्रत्येकी एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सांगितलं नव्हतं कोणी. त्या तीन मिनिटांवर खोली ठरली. आतल्या चौकाकडची, लिफ्टपासून नऊ दारं लांब.

"बुधवारी अकरा म्हणजे अकरालाच का?" त्याने विचारलं. बाईने लिहिलं: अकरा ते अकरा पाच. तेव्हापासून बुधवारी पावणेअकराला स्वारी लायब्ररीत.

सप्टेंबरात बाकीची पोरं यायच्या दोन दिवस आधी त्याला किल्ली दिली, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. रिकाम्या इमारतीत त्याने जिने चढून पाहिले, धुलाईची खोली पाहिली, पार्सलची खोली पाहिली. आम्ही लेस्टरहून एम-वन महामार्गाने शंभरेक मैल गाडी हाणत गेलो होतो, मागे कुकर, चादरी, लोणच्याच्या बरण्या. त्याने पहिल्यांदा फ्रीज उघडून त्याला कान लावला. "हा गुणगुणतो," म्हणाला. मला वाटलं, होईल सवय.

हॉस्पिटलात ऑटिस्टिक पेशंटसाठी आम्ही एकपानी कागद वापरतो, हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात त्याला: काय आवडतं, काय सोसत नाही, घाबरला तर काय करायचं. त्याच धर्तीवर त्याने स्वतःचा कागद लिहिला आणि रिसेप्शनला दिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं, तेही त्याने परत तपासलं. शिवाय आगीच्या वेळी बाहेर कसं काढायचं याची वैयक्तिक योजना इथे करता येते, ती मागून घ्या. लोकांना वाटतं ती फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी असते. आमच्यात लिहिलंय: हात धरू नये, एकदाच सांगावं, मागच्या जिन्याने जाऊ द्यावं.

ती योजना लागली. पहिल्या सहा आठवड्यांत रात्री तीनदा घंटा वाजली, कोणीतरी टोस्ट जाळला म्हणून. दोनदा ठीक गेलं. तिसऱ्यांदा पहाटे सव्वादोनला तो चौकातल्या थंडीत चाळीस मिनिटं उभा राहिला, कारण 'आता आत चला' हे त्याला वेगळं सांगायचं सुरक्षारक्षक विसरला. याचा अर्धा तारा कापला. फोडणीचं म्हणाल तर खिडकी जेमतेम चार बोटं उघडते, त्यामुळे मोहरी तडतडायच्या आधी पंखा पूर्ण वेगावर. मी त्याला घरूनच फोडणी करून बाटलीत भरून देते. भातावर दोन चमचे ओतली की झालं.

मोठी चूक नोव्हेंबरात झाली. मॅनेजर बदलला, आणि आत यायच्या चोवीस तास आधी मेल करायचा हे ठरलेलं जुन्याने नव्याला सांगितलंच नाही. शॉवरची तपासणी करायला दोन माणसं आली, दार वाजवलं, तीन सेकंद थांबून किल्लीने उघडलं. त्यांच्या दृष्टीने काही विशेष नाही. हा आत होता. मग हा बाहेर पडला तो दोन दिवस खोलीत गेलाच नाही. लायब्ररी चोवीस तास उघडी असते, तिथे बसला, आणि मला मेसेज आला तो फक्त 'खोली बदलली' एवढाच. मला कळेना, सामान हलवलं की काय. वस्तू जागच्या जागी होत्या. खोली बदलली होती.

आमच्याकडे वॉर्डवर पाळी संपली की पुढच्या पाळीच्या नर्सला सगळं सांगून हँडओव्हर देतात, पेशंटच्या उशाशी उभं राहून. तो एक कागद फाइलीतून वर काढून नव्या माणसाच्या हातात ठेवला असता, तर हे झालं नसतं. मी मॅनेजरला फोन करून हेच सांगितलं, जरा वरच्या आवाजात. त्याने माफी मागितली, आणि नंतर मी लीड्सला येऊन त्याच्यासमोर बसले तेव्हा त्यानेच सुचवलं, की तपासण्यांचं तीन महिन्यांचं वेळापत्रक आधीच मेल करतो. ते येतंय. फेब्रुवारीत एकदा बदल झाला, तर बदलाचाही मेल आला. दारावर 'वाजवू नका' अशी पाटी लावू का, असंही त्याने विचारलं होतं. चिरंजीवांनी नको म्हटलं, पाटी वाचायला लोक थांबतात.

धुलाईचं ॲप आठवड्यातून एकदा तरी बंद पडतं. हा मंगळवारी पहाटे सहाला जातो, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं, असलं तर एक चिनी मुलगी. दोघं पाच महिने एकमेकांना मान हलवतात. मार्चमध्ये तिने त्याला कपड्यांचे चिमटे दिले. मी यावर काहीही विचारायचं नाही असं ठरवलंय.

पुढच्या वर्षाची नोंदणी जानेवारीतच आली. तीच खोली मिळेल याची हमी नाही, असं बारीक अक्षरांत होतं. मागितली तर मिळाली, पण भाडं आठवड्याला आठ पौंडांनी वाढून. सही केली.

माझे साडेतीन तारे. त्याला विचारलं, तू किती देशील? "खोलीला की इमारतीला?" खोलीला. "चार. फ्रीज बदलला तर." फ्रीजची तक्रार ऑक्टोबरात नोंदवलीय. तंत्रज्ञ येऊन गेला, त्याला गुणगुण ऐकू आली नाही. झोपताना चिरंजीव त्याचं बटण बंद करतात आणि उठल्यावर चालू करतात, म्हणून दूध अर्ध्या लिटरचंच आणायचं.